संगणकाची लाल रेघ किती मनावर घ्यावी?

मराठीत टाइप करताना बरोबर शब्दांखालीही लाल रेघ येते, भलतेच पर्याय सुचवले जातात, तर ते ऐकायचे का, असं तुम्ही विचारलंय. मी मुद्रितशोधन करते. रेघ दिसली की जरूर थांबा, पण नियम पाहिल्याशिवाय पर्याय घेऊ नका.

रेघेचा अर्थ 'हे रूप मला सापडलं नाही' एवढाच असतो. लिबरऑफिस, फायरफॉक्स यांत शब्द तपासायला हनस्पेल नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्याजवळ मूळ शब्दांची यादी असते आणि प्रत्यय कसे लागतात याची वेगळी फाइल. मुळात ते हंगेरियनसाठी बनलं, म्हणजे प्रत्ययांची त्याला सवय आहे. पण मराठीची फाइल जितकी भरली असेल तितकंच त्याला कळणार. 'घर' सापडतं, 'घरासमोरच्यांनासुद्धा' सापडेलच असं नाही. मग रेघ घालवायला लोक 'घरा समोर' असं तोडून लिहितात. हे वाचताना मला खरोखर वाईट वाटतं, कारण मूळचं लेखन बरोबर होतं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तर फार जपा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले, 1972 मध्ये आणखी 4 आले. त्यांनुसार 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, पण 'शरीर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून 'शरीराला'च राहतं. 'विद्यार्थी' एकटा असताना दीर्घ, 'विद्यार्थिगृह' लिहिताना ऱ्हस्व. यांतल्या कशाखाली रेघ आली तरी हात लावू नका. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांचा घोळ आणखी वेगळा: त्यातलं जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं, डोळ्यांना मात्र दोन्ही सारखीच दिसतात. यादीत एक प्रकार आणि तुमच्या कीबोर्डचा दुसरा, की आली रेघ.

मला जास्त धास्ती वाटते ती न आलेल्या रेघेची. फलकावर 'शिक्षक दीन' लिहिलं तरी तपासनीस गप्प राहतो, कारण 'दीन' हाही खरा शब्द आहे. 'आचाऱ्यांना' बोलवायचं असताना 'आचार्यांना' लिहिलं, तरी तेच. अशा चुका वाक्याचा अर्थ लावत वाचणाऱ्या माणसालाच दिसतात, म्हणून छापण्याआधी मजकूर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

'सगळीकडे बदला' हे बटण दाबू नका. आडनावं आणि गावांची नावं त्यात हमखास बिघडतात. आणि नवा शब्द यादीत घालण्याआधी छापील शुद्धलेखन कोशात पाहा. एकदा चुकीचं रूप आत गेलं की तुमच्या संगणकावर त्याखाली पुन्हा रेघ येणार नाही.