डोळ्यांखालच्या सुरकुत्या मेकअपने झाकता येतात का? मुलीच्या लग्नासाठी आधी काय लावावं?

ताई, तुमचं वय ५३, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) मुलीचं लग्न, हातात दोन-अडीच महिने. कन्सीलर लावलं की डोळ्यांखालच्या रेषा उलट जास्तच उठून दिसतात, मग आणखी एक थर द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. तुमचा पहिलाच थर जास्त होतोय. माझं अमळनेरला घरातच पार्लर आहे. जितक्या नवरींचा तितक्याच नवरींच्या आयांचा मेकअप मी केलाय, आणि नेमक्या याच गोष्टीवरून, जिथे मी शिकले त्या मॅडमशी माझं कायमचं बिनसलं. त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

हे का होतं ते आधी सांगते. पापण्यांची आणि त्यांच्या भोवतीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ. तेल सोडणाऱ्या ग्रंथी तिथे कमी, म्हणून ती लवकर सुकते. त्यात ती दिवसभर हलत असते. हसलं की घडी, उन्हात डोळे बारीक केले की घडी. कन्सीलर म्हणजे शेवटी तेलात, मेणात नाहीतर सिलिकॉनमध्ये कालवलेली रंगाची भुकटी. सुकलेल्या कातडीवर ते जाड लावलं की ओलावा उडून जातो, भुकटी मागे उरते आणि दर हसण्याला घडीत सरकत जाते. वर पावडर थापली की उरलंसुरलं तेलही ती पिऊन टाकते. मग मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात तसं डोळ्यांखाली दिसायला लागतं.

आणि मेकअपने रंग बदलतो, खोली भरत नाही. काळपटपणा झाकता येतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणाऱ्या खळग्याची सावली हलकी करता येते. रेष मात्र राहतेच, फार तर मऊ दिसते. "सुरकुती गायब करून देते" असं सांगून कोणी पैसे घेत असेल तर ती खोटं बोलतेय.

आता माझ्या बहिणीचं सांगते. थोरली बहीण चोपडा तालुक्यात दिलेली. घरी कापूस, थोडी केळी. लग्न झाल्यापासून ती शेतात राबते. कापूस वेचायला सकाळी गेली की ऊन डोक्यावर येईपर्यंत डोळे बारीक करूनच काम. डोक्यावर पदर असतो, पण समोरचं ऊन पदराने थांबत नाही. पन्नाशीच्या आतच तिच्या डोळ्यांच्या कडांपासून कानशिलापर्यंत रेषा उमटल्या होत्या.

तिच्या मुलीच्या लग्नात मेकअपचं काम त्याच मॅडमना दिलेलं. मी मावशी म्हणून गेले होते. मेकअपची पेटी बरोबर होती, पण उघडायचा विचार नव्हता. नवरीच्या पॅकेजमध्ये "नवरीची आई फ्री" होतं. फ्री म्हणजे काय ते मी शिकत असताना रोज पाहिलेलं आहे. आधी नवरी, मग करवल्या, आणि बाहेरून "झालं का, झालं का" सुरू झालं की सगळ्यात शेवटी आई. दहा मिनिटं. नवरीला लावलं तेच कन्सीलर, आईच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ, कारण दुसरी शेड काढायलाही कुणाला सवड नसते. क्रीम नाही, काही नाही. पहाटेपासून धावपळ करून सुकलेल्या चेहऱ्यावर थेट बेस, आणि डोळ्यांखाली पावडरचा ढीग ठेवून "बेकिंग". विशीतल्या मुलीला एसी हॉलमध्ये ते चालतं. पन्नाशीच्या बाईला खान्देशातल्या मे महिन्यात ते करणं म्हणजे तिच्या चेहऱ्याचं वाटोळं करणं आहे, आणि हे मी तेव्हाही म्हणायचे.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा. कार्यालयात कूलर, बाहेर पारा ४४-४५ च्या घरात. बहीण पाहुण्यांना घ्यायला दारात उभी राहिली आणि थोड्या वेळात डोळ्यांखालचं सगळं फाटलं. तिच्या सासरकडची एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तोंडले काय व्हयनं वं?" (तोंडाला काय झालं गं?) त्यानंतर बहीण हसायचीच थांबली. फोटोवाला "काकू, हसा ना" म्हणतोय आणि ही ओठ घट्ट मिटून उभी. घरातलं पहिलं लग्न, आणि नवरीची आई हसत नाही. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "मी इतली म्हतारी दिखस का वं?" माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तिला खोलीत नेलं, कडी लावली. क्लिन्झिंग मिल्कने डोळ्यांखालचा सगळा थर पुसून काढला, अजिबात न घासता. गार पाण्यात पिळलेला कापूस मिटलेल्या डोळ्यांवर ठेवून तिला थोडा वेळ पडू दिलं. कातडी ओलसर असतानाच ग्लिसरीनवालं साधं क्रीम अनामिकेने थोपटत लावलं. आणि थांबले. हे थांबणं कुणीच करत नाही. क्रीम मुरायला दहा मिनिटं द्यावीच लागतात, आणि वर राहिलेलं टिश्यूने टिपून घ्यावं लागतं, नाहीतर कन्सीलर त्यावरून घसरतं. दारावर थापा पडत होत्या, मी उघडलं नाही.

मग आतल्या कोपऱ्यात, जिथे निळसर-तपकिरी काळपट होतं तेवढ्याच जागी नारिंगी करेक्टरचा, म्हणजे काळपटपणा मारणाऱ्या रंगीत क्रीमचा, बारीक ठिपका. त्यावर तिच्याच रंगाचं पातळ, क्रीमसारखं कन्सीलर, तेही तेवढ्याच जागी. बाहेरच्या कडेला, जिथे रेषा सगळ्यात जास्त, तिथे काहीही लावलं नाही. ओल्या स्पंजाने दाबून कडा मिसळून घेतल्या. तिला वर छताकडे बघायला सांगितलं, घडीत जे जमलं होतं ते कोरड्या बोटाने टिपून काढलं, आणि लगेच लहान ब्रशवर अगदी थोडी पावडर घेऊन, झटकून, आतल्या कोपऱ्याजवळ नुसती टेकवली. खालचं काजळ पुसून टाकलं, कारण ते पसरलं की बघणाऱ्याची नजर डोळ्यांखालीच जाते. वरच्या पापणीला बारीक लायनर, थोडा मस्कारा. ओठांना तिला आवडतो तो मरून.

बाहेर आलो तर मॅडम दारातच उभ्या. चार बायकांसमोर म्हणाल्या, "वयाच्या बाईला झाकावंच लागतं. कातडीच खराब असेल तर प्रॉडक्ट काय करणार?" मी म्हटलं, "मॅडम, ती कातडी उन्हात राबलेली आहे, तिला खराब म्हणू नका. तुम्ही तिला दहा मिनिटं दिलीत, ते खराब होतं." त्यांनी पॅकेजचं काढलं, फ्रीमध्ये एवढंच बसतं म्हणाल्या. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्यांच्याकडे शिकलेल्या मुली आजही मला विचारायला येतात, आणि मी प्रत्येकीला हेच सांगते की वय वाढलं की क्रीम वाढवायचं आणि बेस कमी करायचा. जाड बेसवाल्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही. बहिणीचा कन्यादानाचा फोटो, रडून झाल्यानंतरचा, तिनं मोठा करून बैठकीत लावलाय. त्यात रेषा आहेत, आणि ती तोंडभर हसतेय.

आता तुमचं. आजपासून सकाळ-संध्याकाळ तोंड धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच डोळ्यांभोवती क्रीम लावायला लागा. वेगळं महागडं आय क्रीमच हवं असं काही नाही, बिनवासाचं साधं क्रीम चालतं. हायलुरोनिक ॲसिडचं (ओलावा धरून ठेवणारं) सीरम घेतलंत तर नुसतं लावून उन्हात जाऊ नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याच्यावर क्रीम हवंच. कॅफीनवालं जेल सकाळची सूज थोडी उतरवतं, काही तासांपुरतं. सुरकुतीवर त्याचा उपयोग नाही.

खरं काम उन्हाचं आहे. आपल्याकडे बायका गाडीवर निघताना स्कार्फने तोंड घट्ट बांधतात आणि उघडे ठेवतात ते डोळेच. म्हणजे सगळ्यात नाजूक जागा तेवढी उन्हाला दिलेली. गॉगल घाला. शेतात जाताना घातला तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, माझी बहीण आता घालते. सनस्क्रीन ३० एसपीएफच्या वरचं घ्या, डोळ्यांजवळ झिंक ऑक्साईडवालं कमी झोंबतं. फक्त संध्याकाळच्या रिसेप्शनला फ्लॅशमध्ये तेच पांढरं मारतं, आणि सिलिकावाली बारीक एचडी पावडरही. म्हणून आधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

रेटिनॉलबद्दल (व्हिटॅमिन ए चं क्रीम) तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बारीक रेषांवर काम करणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ते एक आहे हे खरं, पण फरक दिसायला तीन महिने तरी लागतात, आणि सुरुवातीला कातडी सोलते, लाल होते. ऐन उन्हाळ्यात, लग्नाच्या तोंडावर सुरू करू नका. दिवाळीनंतर थंडीत, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करा. बोटॉक्स, म्हणजे सुईने देतात ते औषध, कडेच्या, हसताना पडणाऱ्या रेषांवर चालतं, पण ते त्वचेच्या डॉक्टरकडेच. पार्लरमध्ये कुणी सुई काढली तर उठून या.

लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही डोळ्यांखाली लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली "गोरं करणारी" ट्यूब घरात असेल तर तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं नाव आहे का ते वाचा. ती स्टेरॉइडं आहेत. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी आणखी पातळ होते, केशवाहिन्या दिसायला लागतात. डोळ्यांजवळ बरेच महिने लावली तर काचबिंदू आणि मोतीबिंदूपर्यंत जाऊ शकतं. माझ्याकडे येणाऱ्या किती जणी अशा ट्यूबा वर्षानुवर्षं लावत असतात. आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरला दाखवून बंद करा, एकदम सोडली तर चेहरा भडकतो.

कन्सीलर कुठल्या कंपनीचं घ्यावं ते मी सांगणार नाही, प्रत्येकीची शेड वेगळी. पातळ घ्या, मॅट लिहिलेलं नको, आणि मनगटावर न बघता जबड्यावर, उजेडात बघा. रेषांवर चमकी नको. सिलिकॉनचा प्रायमर (मेकअपच्या आधी लावतात तो थर) आणि पाण्याचं कन्सीलर एकमेकांवर बसत नाहीत, त्याच्या गोळ्या निघतात. फेशियल, ब्लीच लग्नाच्या आदल्या आठवड्यात नको.

राहिलं ते असं. कुठलंही नवीन क्रीम आधी कानामागे लावून दोन दिवस बघा. डोळ्यांखाली रोज सकाळी पिशवीसारखी सूज येत असेल आणि पायही सुजत असतील तर मेकअप राहू द्या, आधी डॉक्टरकडे जा, मूत्रपिंडाचं किंवा थायरॉइडचं काही असू शकतं. पापणीच्या कोपऱ्यात पिवळसर चकत्या असतील तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि हे सगळं मी पार्लरच्या अनुभवावरून आणि कोर्समध्ये शिकलेल्यावरून सांगतेय, मी डॉक्टर नाही.

मेकअपवालीला ॲडव्हान्स देण्याआधी दोन गोष्टी विचारा: आईला किती वेळ देणार, आणि आईची शेड वेगळी आणणार का. पाऊण तासाच्या खाली सांगितलं किंवा "आई तर फ्रीमध्ये आहे" असं ऐकवलं, तर आईचे वेगळे पैसे देते म्हणा, आणि नवरीच्या आधी स्वतः बसा. तरी का-कू केली तर दुसरी बघा. ट्रायल दुपारी घ्या, आणि ती झाल्यावर तसंच तोंड ठेवून तासभर घरातलं काम करा, बाहेर जाऊन या, मग आरशात बघा.