पानगळीच्या रंगांचे फोटो काढायचे आहेत, पण गर्दी नको. तंबू टाकून राहायचं तर कुठे, कधी आणि काय सांभाळून?

सगळ्यांना रंग ऐन भरात असलेली जागा हवी असते, त्यामुळे गर्दीही तिथेच होते. तुम्ही तिच्या मागे लागू नका. डोंगरावर पानं आधी उंचावर रंगतात आणि मग रंग हळूहळू खाली उतरतो. माथ्यावरचा बहर ओसरला की लोक परततात, आणि नेमका तेव्हाच खालच्या दऱ्यांमध्ये रंग चढत असतो. मी तेव्हा जातो, शनिवार-रविवार टाळून. जागा निवडतो ती ओढ्याजवळच्या मिश्र झाडीची. मेपलची पानं गळून गेली तरी ओक आणि बीच आपली तांबूस पानं बराच काळ धरून ठेवतात. तंबू मात्र पाण्यापासून निदान साठ मीटर लांब असावा आणि वाळक्या फांद्यांखाली नसावा.

मुक्कामाचा मोठा फायदा म्हणजे पहाट. वारा पडलेला असतो, पानं हलत नाहीत, आणि तुम्ही आधीच तिथे असता.

पाऊस पडला तर बेत अजिबात मोडू नका! माझे आवडते फोटो ओल्या, ढगाळ दिवसांतलेच आहेत. ओल्या पानांवर आकाशाची पांढरट चकाकी असते आणि तिच्याखाली रंग दबून जातो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून तो सावकाश फिरवा, चकाकी जाताना डोळ्यांनी दिसते. हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं), म्हणून ट्रायपॉड हवाच. पांढरं आकाश चौकटीत घेऊ नका. ऊन निघालं तर पानांच्या पलीकडून येणाऱ्या उजेडात फोटो काढा, पानं आतून पेटल्यासारखी दिसतात.

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप साधलेला रंगांचा तोल, पिवळा रंग फिका करतो, त्यामुळे तो 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी'वर ठेवा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसत असतानाही लाल चॅनल जळालेला, म्हणजे जास्त उजेडाने तपशील गमावलेला, असू शकतो, आणि मग पानांच्या शिरा गायब होतात.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ ठेवा. गार कॅमेरा उबदार तंबूत तसाच आणला तर लेन्सवर दव धरतं. बाहेर असतानाच तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि आत आणल्यावर पुरेसा कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे दिवसभराचे फोटो बघायला थांबावं लागणार नाही.