नाशिकहून अमेरिकेत: एच-१बी व्हिसा आणि पहिली .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफल

तुम्ही लिहिले आहे की, ऑक्टोबरमध्ये पत्नीसह नाशिक सोडून अमेरिकेत येत आहात, तुमचा व्हिसा एच-१बी आणि पत्नीचा एच-४ असेल, नोकरी ऑस्टिनला की सिएटलला हे अजून ठरायचे आहे, आणि चार वर्षे १० मीटर एअर रायफल केल्यानंतर इथे पोहोचताच एक .२२ (लहान काडतुसाची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल घेण्याची तुमची इच्छा आहे. कोणती घ्यावी आणि कशी शिकावी, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी पंचवटीत वाढले, ओहायोत येऊन मला अठरा वर्षे झाली आणि अशी रायफल माझ्याकडे गेली पाच वर्षे आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण तिथे चूक झाली तर रायफलीबरोबर व्हिसाही जाईल.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. विकत घेणे तर सोडाच, पण ऑफिसमधल्या सहकाऱ्याने शनिवारी रेंजवर नेले आणि तिथली भाड्याची रायफल तुम्ही दहा मिनिटे हाताळली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती बाळगणेच ठरते. इथे बोलावणारे लोक मनाने मोकळे असतात, त्यांना स्वतःला हा नियम माहीत नसतो, आणि नव्या गावात मैत्री जुळण्याच्या ओढीने आपणही पटकन ‘हो’ म्हणतो. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाण्याची तरतूद स्थलांतर कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून तो पहिला शनिवार नम्रपणे टाळा.

या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यातला सर्वांत जास्त ऐकू येणारा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे. हा अपवाद कायद्याच्या मजकुरातच आहे, त्यामुळे त्याला पळवाट म्हणणे बरोबर नाही. अनेक भारतीयांनी त्या आधारे रायफल घेतलेली आहे. माझे मत मात्र असे की, ज्या दिवशी त्या परवान्याची मुदत संपते त्या दिवशी कपाटातली रायफल बेकायदा होते, आणि एका कागदाच्या तारखेवर घरातल्या दोघांचा मुक्काम टांगून ठेवू नये. हा मार्ग घ्यायचाच असेल तर आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्या. ‘ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्या मित्राच्या नावावर घेऊ आणि वापरू आपण’ हा विचार तर मनातही आणू नका. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणे हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात मित्रही अडकतो.

मी स्वतः ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबले, कारण ते मिळाले की तात्पुरत्या व्हिसाची ही मनाई उरत नाही. भारतीयांची रांग किती लांब आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला तेरा वर्षे लागली. ती वर्षे वाया मात्र गेली नाहीत. संघीय कायद्यात बंदुकीची जी व्याख्या आहे ती स्फोटक दारूवर चालणाऱ्या शस्त्राची आहे, त्यामुळे एअर रायफल त्यात येत नाही. न्यू जर्सीसारखे राज्य एअरगनलाही बंदूकच मानते, म्हणून राज्याचा नियम वेगळा पाहावा लागतो. पण बहुतेक ठिकाणी तुमचा १० मीटरचा सराव अखंड चालू राहू शकतो. शूटिंगचे जॅकेट, पॅन्ट आणि हातमोजा नाशिकहून जरूर आणा. इथे ते नव्याने घेणे बरेच महाग पडते.

पुढे कायदेशीरपणे खरेदी करण्याची वेळ येईल तेव्हा राज्याराज्यातला फरक मोठा आहे. टेक्सासमध्ये परवानाधारक दुकानदाराकडे जायचे, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, त्यावर एलियन रजिस्ट्रेशन क्रमांक (ग्रीन कार्डवरचा परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) द्यायचा आणि १९९८पासून चालू असलेल्या, खरेदीदाराची पार्श्वभूमी पाहणाऱ्या संघीय तपासणीतून नाव पार पडले की रायफल मिळते. वॉशिंग्टन राज्यात मात्र, म्हणजे सिएटलला, साधी .२२ सेमी-ऑटोसुद्धा कडक नियमांत येते: वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, सुरक्षा प्रशिक्षणाचा पुरावा हवा, आणि खरेदी व ताबा यांत काही दिवस थांबावे लागते. नागरिक नसलेल्यांसाठी तिथे राज्याचे आणखी नियम आहेत. फॉर्मवरचे प्रत्येक उत्तर शब्दशः खरे लिहा. त्यावर खोटे लिहिणे हाच मोठा गुन्हा आहे. माझी तपासणी पहिल्या दिवशी ‘विलंबित’ अशी आली आणि मी घाबरून घरी आले. चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला की सर्व ठीक आहे. नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत असे होते, त्यात काळजीचे कारण नाही.

आता कोणती रायफल, याचे उत्तर थोडक्यात देता येते. रुगर कंपनीची १०/२२ घ्या. ती १९६४पासून बाजारात आहे, तिच्यात दहा काडतुसांचे गोल फिरते मॅगझिन (काडतुसे भरून ठेवायची पेटी) बसते, सुटे भाग कुठेही मिळतात आणि ती शिकवणारी माणसेही सर्वत्र आहेत. साधे मॉडेल साधारण तीन-चारशे डॉलरमध्ये येते. सुरुवातीला दुर्बीण न लावता उघड्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेवर) सराव करावा असे मी सुचवीन, कारण माशी आणि लक्ष्य यांपैकी नजर कशावर स्थिर ठेवायची हे एअर रायफलवर तुम्ही आधीच शिकलेला आहात आणि ते टिकवणे चांगले. एक गोष्ट मात्र मनात स्पष्ट असू द्या. पॅरिसला २०२४मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात एकेक काडतूस भरायची रायफल वापरतात. ऑलिंपिकच्या वाटेवर सेमी-ऑटो रायफलीचा उपयोग नाही. तुमचे ध्येय ते असेल तर हे पैसे वाचवा. सेमी-ऑटोला इथे वेगळे मैदान आहे: सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नागरी नेमबाजीच्या संस्थेच्या रिमफायर स्पोर्टर (साध्या .२२ रायफलींच्या) स्पर्धा. त्यात साडेसात पौंडांपर्यंत वजनाच्या साध्या .२२ रायफलीने ५० आणि २५ यार्डांवर झोपून, बसून आणि उभ्याने, सावकाश आणि जलद अशा फैरी मारायच्या असतात. ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला, जिथे १९०७पासून राष्ट्रीय सामने होत आले आहेत, मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा शेजारी बारा वर्षांची मुलगी आणि पलीकडे सत्तरी ओलांडलेले आजोबा होते, आणि तिघांच्याही हातांत जवळजवळ एकच रायफल होती.

शिकण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्हाला नेमबाजी येते म्हणूनच इथे धोका आहे. मी कॉलेजात एनसीसीत होते आणि देवळालीच्या कॅम्पमध्ये .२२च्या बोल्ट-ॲक्शन रायफलीवर शिकले, म्हणजे जिचा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारी खिटी) दर गोळीला हाताने ओढावा लागतो. त्या रायफलीत, आणि तुमच्या एअर रायफलीतही, एक गोळी सुटली की शस्त्र शांत होते. पुढची गोळी तुम्ही हाताने भराल तेव्हाच ते पुन्हा सज्ज होते. सेमी-ऑटोमध्ये उलटे आहे. गोळी सुटताना मागे येणारा दाब बोल्टला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि तो येताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, ढकलतो. हे सगळे तुमच्या पापणीच्या एका उघडझापीत होते. म्हणजे गोळी झाडल्यानंतरच्या क्षणी, जेव्हा आपले मन ‘झाले’ म्हणून सैल पडते, तेव्हा रायफल पूर्ण भरलेली असते.

माझ्या पहिल्या दिवशी नेमके हेच घडले. पाच गोळ्या झाडून झाल्या, ‘सीझ फायर’ची (गोळीबार थांबवा) हाक आली, मी सेफ्टी लावली आणि एनसीसीच्या सवयीने आधी बोल्ट मागे ओढला. एक काडतूस बाहेर पडले, चेंबर रिकामे दिसले, मी समाधानाने बोल्ट सोडला आणि मग मॅगझिन काढून बाजूला ठेवले. रेंज ऑफिसर मागे उभे होते. ते ओरडले नाहीत, रायफलीची नळी लक्ष्याकडेच आहे ना एवढे पाहून म्हणाले, “पुन्हा एकदा बघा.” मी बोल्ट ओढला आणि चेंबरमधून दुसरे काडतूस चटईवर येऊन पडले: पितळी, टोकाला राखाडी शिसे, न उडालेले. मॅगझिन बाहेर होते, म्हणून रायफल रिकामी आहे असे मी छातीठोकपणे सांगितले असते.

तेव्हापासून माझा क्रम कधी बदललेला नाही आणि तुम्हीही तो हाडीमासी रुजवा. नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरपासून लांब, सेफ्टी लावलेली. आधी मॅगझिन बाहेर. मग बोल्ट मागे आणि तिथेच अडकवलेला. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहणे आणि करंगळी घालून चाचपणे. शेवटी पिवळ्या प्लास्टिकचा चेंबर फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामे आहे हे सर्वांना दिसावे म्हणून त्यात घालायची पट्टी. १०/२२च्या बाबतीत आणखी एक खाच आहे. शेवटची गोळी सुटल्यावर तिचा बोल्ट आपोआप मागे अडकून राहत नाही, त्यामुळे मॅगझिन संपले की शिल्लक आहे हे रायफल तुम्हाला सांगत नाही. पहिले काही महिने मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून सराव करा आणि प्रत्येक गोळीनंतर वरचा पूर्ण क्रम करा. शिकवणाऱ्याने दहा भरायला सांगितले तरी नम्रपणे नकार द्या.

ट्रिगरही तुम्हाला परका वाटेल. तुमच्या एअर रायफलीचा ट्रिगर काही ग्रॅमांत मोजतात, इथे कारखान्यातून आलेला ट्रिगर दोन किलोंहून जड असतो, आणि तो ओढताना माशी हलते. तो लगेच हलका करून घेऊ नका. ट्रिगर दाबून क्षणभर तसाच धरून ठेवण्याची सवय या जड ट्रिगरवर पक्की होते, आणि घाईने दुसरी गोळी सोडण्याचा मोह त्यामुळेच आवरतो. एखादे काडतूस उडालेच नाही तर नळी लक्ष्याकडे ठेवून तीस सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र पुढची गोळी मुळीच झाडू नका. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते. .२२ लहान म्हणून तिला खेळणे समजणारे लोक भेटतील. काडतुसांच्या खोक्यावर दीड मैल पल्ल्याचा इशारा छापलेला असतो, म्हणजे नाशिकच्या रामकुंडावरून सुटलेली गोळी सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ओलांडून पुढे जाऊ शकते.

घराबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे पाहुणे मुलांसकट येतात आणि मुले सगळ्या खोल्यांतून फिरतात, म्हणून रायफलीच्या आधी कुलपाची तिजोरी घरात यायला हवी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात हवीत. दुसरी गोष्ट शिशाची: एअर रायफलीच्या छऱ्यांनंतर हात धुता तसे इथेही धुवा, पण इथे बाहेर पडणाऱ्या धुरातही शिसे असते, म्हणून रेंजवर काही खाऊ नका आणि घरी लहान मूल असेल तर त्याला उचलून घेण्याआधी कपडे बदला.

आणि सुट्टीत नाशिकला जाताना रेंजची पिशवी कधीही प्रवासाची बॅग म्हणून वापरू नका. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय एक काडतूस जवळ सापडणेही गुन्हा आहे, आणि .२२चे काडतूस अस्तराच्या शिवणीत सहज जाऊन बसते. दोन वर्षांपूर्वी निघण्याच्या आदल्या रात्री मी बॅग उलटी करून झटकली तेव्हा बाजूच्या खिशातून एक पडले. विमान पहाटेचे होते. मी ते कुलपात ठेवले, सगळे सामान दुसऱ्या बॅगेत भरले, आणि त्या दिवसापासून रेंजच्या पिशवीला लाल फीत बांधून ती गॅरेजमध्येच ठेवते.