ब्लूबेरीला राख घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी

तुम्ही विचारलंय की घरच्या बागेत ब्लूबेरी आणि रास्पबेरी लावल्या तर त्यांना लाकडाची राख आणि अंड्यांची टरफलं खत म्हणून चालतील का, आणि छाटणी कधी करायची. छाटणीचं शेवटी सांगते. राखेचं आधी, कारण राखेपायी माझं एक झुडूप गेलं आणि माझ्या थोरल्या भावाला ते आजही मान्य नाही.

मी ब्लूबेरीची दोन रोपं आणली, वेगवेगळ्या जातींची. जवळपास दोन जाती असल्या की परागीकरण चांगलं होतं आणि फळ मोठं धरतं, एवढं वाचलं होतं. जागा मिळाली ती दादाच्या भाजीच्या वाफ्यांशेजारी. दादा गेली तीस वर्षं बाग करतोय. त्याचा कोबी, त्याचा लसूण बघून कोणीही त्याचं ऐकेल, तसं मीही ऐकलं. दर पंधरा दिवसांनी तो घमेल्यातून राख आणायचा आणि वाफ्यांबरोबर माझ्या रोपांच्या बुडाशीही मूठ-मूठ टाकायचा.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी नवी पालवी आली ती फिकट. पान हातात धरून बघितलं तर शिरा हिरव्यागार आणि शिरांमधला भाग लिंबासारखा पिवळा, जाळी काढल्यासारखा. खालची जुनी पानं मात्र हिरवी. दादा म्हणाला, "अगं, भुकेलंय ते. पोषण कमी पडतंय." आणि राख दुप्पट केली. महिन्याभरात शेंड्यांच्या पानांच्या कडा करपल्या. मग एक झुडूप वाळलंच.

ते उपटायला गेले तर कुदळही लागली नाही. एका हाताने अख्खं वर आलं. मुळांचा गोळा अजून रोपवाटिकेतल्या पिशवीच्या आकाराचाच होता! दोन वर्षांत मुळं बोटभरसुद्धा बाहेर गेली नव्हती. केसांसारखी बारीक, तपकिरी मुळं आपल्याच पिशवीभर मातीत गुंडाळून बसलेली. ते बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण झाड दोन वर्षं सांगत होतं आणि मी दुसऱ्याचं ऐकत होते.

माती तपासली तर सामू (pH, आम्लता मोजायचा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) ७.५. ब्लूबेरीला लागतो साधारण ४.५ ते ५.५. हा फरक दिसतो तेवढा लहान नाही, सामू एकाने वाढला की आम्लता दहापटीने घटते. म्हणजे हिला हवी त्याच्या शेकडो पटींनी कमी आम्ल माती मी दिली होती. अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही, म्हणून मुळांना घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात ती त्यामुळे. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, ते उरलीसुरली आम्लता मारतात. अंड्यांची टरफलंही चुन्याच्याच जातीची, फक्त हळू काम करतात.

हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, रोपच अशक्त होतं, राखेने कधी झाड मेलंय का? म्हणून इथे लिहून ठेवते. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्लूबेरीवरचे आपले प्रयोग १९१० मध्ये छापले, आणि त्यात स्पष्ट दाखवलं की या झुडपाला आम्ल मातीच लागते, चांगली कसदार बागेची माती तिला मानवत नाही. ते वाचून एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी त्याला आपली जमीन देऊ केली आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. शंभर वर्षांपूर्वी मिटलेला हा वाद आहे. तीस वर्षं कोबी चांगला आला म्हणून तो पुन्हा उघडत नाही.

दुसरं झुडूप मी त्याच दिवशी मोठ्या कुंडीत हलवलं. पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि चीड म्हणजे पाइनच्या सालीचा बारीक चुरा, बागेची माती अजिबात नाही. पावसाचं साठवलेलं पाणी. पिवळी पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत, पण दोन महिन्यांनी आलेली पालवी हिरवी होती. पुढच्या वर्षी फळ धरलं.

तेव्हा तुमच्या ब्लूबेरीसाठी: जमिनीचा सामू ६च्या वर असेल तर जमिनीशी भांडू नका, कुंडीत लावा. गंधक घालून माती आम्ल करता येते, पण ते काम मातीतले जिवाणू करतात आणि त्याला महिने लागतात, म्हणून गंधक रोपाच्या आधी घालायचं, नंतर घाबरून नाही. खत अमोनियम सल्फेटसारखं आणि अगदी थोडं. नायट्रेटवालं नको. पाणी जड असेल, म्हणजे किटलीत पांढरा थर बसत असेल, तर तेच पाणी हळूहळू राखेचं काम करतं. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याने माती आम्ल होते असं सगळे सांगतात. तो चोथा जवळजवळ उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी असतो, त्याच्यावर विसंबू नका.

छाटणी. ब्लूबेरीला पहिली दोन-तीन वर्षं फक्त मेलेलं आणि मोडलेलं काढा, पहिल्या वर्षीची फुलंही खुडा. रास्पबेरीच्या उन्हाळी जातींत या वर्षी आलेली काठी पुढच्या वर्षी फळते आणि मरते. फळून झालेल्या काठ्या तेवढ्या जमिनीलगत कापा, नव्या ठेवा. सरसकट सगळं कापलंत तर पुढच्या वर्षी फळ नाही. शरद ऋतूत फळणाऱ्या जाती मात्र सरसकट कापल्या तरी चालतात. तुमची जात कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि हो, ब्लूबेरीला फुलायला थंडी लागते. काही जातींना ७ अंशांखालचे आठशे-हजार तास, काहींना दोन-तीनशेच. हे रोप घेतानाच विचारा, थंडी पुरली नाही तर बाकी सगळं नीट करूनही फूल धड येत नाही.

राख वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आम्ल जमिनीत कोबीला ती मानवते. रास्पबेरीलाही किंचित आम्ल मातीच आवडते, पण ती ब्लूबेरीइतकी नाजूक नाही, चुकून मूठभर पडली तर तग धरते. माझ्या कुंडीपाशी मात्र राखेचं घमेलं आलेलं मला आजही चालत नाही.