आधी एक पाट कर

प्रिय पोरी,

सुतारकाम सुरू करायला काय काय घ्यावं, ती तुझी यादी वाचली. अठरा हत्यारं, आणि खाली प्रश्न, "काका, यात काही राहिलं का?" राहिलं काहीच नाही. त्यातली बारा खोड आधी. एक करवत, एक लोखंडी रंधा, दोन पटाश्या (पाव इंची आणि पाऊण इंची), गुण्या (काटकोन बघायचा) आणि लाकडी मोगरी (पटाशीवर ठोकायची हातोडी), एवढ्यावर वर्ष निघतं. वर्कबेंच तर नकोच. मी ज्या सुतारकाकांकडे शिकलो, त्यांनी जन्मभर जमिनीवर बसून दारं-खिडक्या केल्या. फळी पायाने दाबून धरायची, दोन्ही हात मोकळे. तुझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला हेच सोयीचं. खाली पोतं दुमडून घाल, म्हणजे मोगरीचे ठोके खालच्या मजल्यावर जाणार नाहीत.

नवा रंधा घेण्याआधी एखाद्या रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार. रंध्याला गंज असला तरी घाबरू नकोस, तो निघतो. पातं काढून त्याची पाठ, म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू, बघ. धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील तर ठेवून दे आणि पुढे हो. कितीही घासलंस तरी त्या पात्याला सलग धार येणार नाही.

आता धार. लोक इथेच कंटाळतात आणि मग लाकडाला दोष देतात. जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पाण्याने चिकटव. आधी २२० नंबरचा, मग ४००, शेवटी १०००; नंबर वाढेल तसा कागद बारीक. पात्याची पाठ सपाट कर, मग धारेकडचा तिरपा उतार घास. उतार साधारण २५ अंशांचा हवा, अगदी टोकाशी ३०. किती घासायचं ते घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं. पाठीच्या बाजूने बोट धारेकडे हलकेच ने. काठाला सगळीकडे बारीक खरखर लागली, की धार टोकापर्यंत पोचली. मग पाठ कागदावर एक-दोनदा फिरवून ती खरखर काढायची. सुतारकाका मनगटावरचे केस भादरून धार बघायचे. त्यांचा डावा हात कायम गुळगुळीत असे. तू मऊ लाकडाच्या आडव्या कापावर पटाशी चालवून बघ. भुसभुशीत चुरा पडला तर परत काचेकडे. आणि सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. तासाभरात पुन्हा घासावं लागलं तर हात वाईट आहे असं समजू नकोस.

पहिली वस्तू काय करावी, हे तू विचारलं नाहीस, पण सांगतो. डव्हटेलची, म्हणजे कोपऱ्यात तिरपे दात एकमेकांत अडकवलेली, पेटी नको. पाट कर, आपला जेवायला बसायचा. १४ इंच लांब, १० इंच रुंद, एक इंच जाड. हिशेब केलास तर घनफुटाचा जेमतेम बारावा भाग भरतो, तेव्हा सागवानाचा भाव ऐकून दचकायचं कारण नाही. पाडलेल्या वाड्याच्या दाराची फळी मिळाली तर उत्तम, लाकूड वाळून कधीच बसलेलं असतं. फक्त रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरव. आत मोडलेला खिळा असला तर तासाभराची धार एका फटक्यात जाते.

माझा पहिला पाट मी बेचाळिसाव्या वर्षी केला, भर श्रावणात. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या, भरपूर फेव्हिकॉल, वर खिळे. बायकोने कौतुकाने देवापुढे मांडला. एप्रिलमध्ये दुपारी काडकन आवाज आला. पाट मधोमध उभा चिरला होता. काकांना दाखवला तर हसले आणि म्हणाले, "बांधून घातलंस ना त्याला!"

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ हलतच नाही. दहा इंचाच्या फळीत वर्षभरात एखादं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक सहज पडतो. आडव्या पट्टीची लांबी मात्र आहे तेवढीच राहते. तिला फळीशी जखडलं, की आकसायला जागा न मिळालेली फळी फाटते.

म्हणून काकांची रीत. पाटाच्या पाठीवर तीन सूत खोल आडवी खाच घ्यायची, तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. दोन्ही काठ करवतीने तिरपे कापायचे, मधलं पटाशीने काढायचं. कापताना आखलेली रेघ शाबूत ठेव, करवत टाकाऊ अंगाने चालव. पट्टीच्या कडा त्याच तिरपेपणाने रंधून ती बाजूने सरकवायची. गोंद नाही, खिळा नाही, फार तर मधोमध एक स्क्रू. पट्टी फळीला वाकू देत नाही, पण हलायला मोकळीक देते. पहिल्या दोन खाचा सैल होतील, म्हणून आधी भंगार तुकड्यावर चार-पाच करून बघ. मी नऊ केल्या होत्या.

शेवटी जवसाचं तेल पातळ हाताने लाव. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव.

सध्या पावसाळा आहे, तेव्हा पट्ट्यांची टोकं फळीच्या कडेशी अगदी सपाट करशील. चैत्र-वैशाखात पाट उलटा करून बघ. टोकं दोन्हीकडून नखभर बाहेर आलेली असतील. ती कापू नकोस, जूनमध्ये परत आत जातील. आधी मला फोटो पाठव.

तुझा,
काका