प्रतिफळाची आशा धरावी का? वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासा’बद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतो.

पाळकसाहेब, सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळल्यात. सगळं करते, पण खरं सांगू? प्रेम वाटत नाही, कर्तव्य म्हणून करते. अशा सेवेचं प्रभूजवळ काही मोल आहे का?
*एक भगिनी, अंबाजोगाई*

ताई, १ करिंथ १३ (करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १३) पुन्हा उघडा. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, चिडत नाही, अपकार स्मरत नाही. काळजात काय दाटून येतं याबद्दल पत्र लिहिणारा पौल तिथे बोलतच नाही. प्रीती वागते कशी ते सांगतो. रात्री दोनला उठून तुम्ही त्यांना कुशीवर वळवता, पाठीला जखम होऊ नये म्हणून पुसून पावडर लावता, असं पत्रात लिहिलंय. प्रेम नसतं तर झोपून राहिला असता. मत्तय २५ मधले भुकेल्यांना जेवू घालणारे नीतिमान लोक राजालाच विचारतात, ‘आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं?’ आपण काही मोठं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि तुमचा वैताग मला तरी पाप वाटत नाही. झोप नाही हो तुम्हाला! नणंदेला महिन्यातून आठ दिवस यायला सांगा. महिला मंडळातून दुपारी दोन तास कुणाला तरी बसवा. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांसच पुढच्या अध्यायात लिहिलंय; सगळी एकट्या सुनेने वाहावीत असं नाही.

उपदेशक म्हणाले, उत्पन्नाचा दशमांश द्या, देव शंभरपट देईल. कर्ज असतानाही पाच हजार दिले. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, पदरात जेमतेम चार हजार पडले. माझा विश्वास कमी पडला का?
*तरुण शेतकरी, औसा*

नाही. सोयाबीनचा भाव मोंढ्यात ठरतो, तुमच्या विश्वासावर नाही. शंभरपटीचं वचन मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे, पण ते दशमांशाबद्दल नाहीच. प्रभूसाठी घरदार, शेतं सोडणाऱ्यांना ते दिलंय. त्यांना मिळणार काय? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि सोबत छळणूक. सभेत हे शेवटचं कुणी वाचत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात तर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातले लेवी (उपासनेची सेवा करणारे), उपरे, अनाथ आणि विधवा पोटभर जेवावेत म्हणून आहे. शंभरपट परताव्याची स्कीम ती कुणी केली, देव जाणे.

मनात ठरवल्याप्रमाणे द्या, भाग पाडलं म्हणून देऊ नका (२ करिंथ ९:७). आधी सोसायटीचं कर्ज फेडा. बियाण्याचा पैसा दानथैलीत टाकू नका. आणि त्या पाच हजारांचं काय झालं, ते हिशेबाच्या वहीत बघायला मागा.

कॉलेजात चिडवतात, ‘तुझा खापरपणजोबा छप्पन्नच्या दुष्काळात ज्वारीसाठी बाटला.’ काय उत्तर देऊ?
*विद्यार्थिनी, जालना*

आला असेल, बाळ, ज्वारीसाठी. संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली माणसं अन्नान्न करत मरत होती. त्यात लाजायचं काय? योहान ६ मध्ये प्रभू पाच हजारांना जेवू घालतो. दुसऱ्या दिवशी शोधत आलेल्यांना तोंडावर सांगतो, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात. त्याला लोकांच्या मनातलं ठाऊक होतं, तरी आधी वाढलं. पुढे शिकवण अवघड वाटू लागल्यावर पुष्कळजण निघून गेले. शिष्य पेत्र राहिला: ‘प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?’

खापरपणजोबांची परीक्षा पाऊस पडल्यावर झाली. पिकं आली, धान्यवाटप थांबलं, सोयरिकीही तुटल्या असतील. घरात आजही प्रार्थना होते, त्याअर्थी ते परत गेले नाहीत. आणि रेव्ह. नारायण शेषाद्री तर ब्राह्मण घरात जन्मलेले, १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. जालन्याजवळचं बेथेल त्यांनीच वसवलं. त्यांना किती पायल्या ज्वारी मिळाली, तेही मित्रांना विचार.

नुसत्या नरकाच्या भीतीने विश्वास ठेवला तर चालतं का?
*वाचक, उदगीर*

सुरुवातीला चालतं. पुढचं १ योहान ४:१८ मध्ये वाचा: पूर्ण प्रीती भीती घालवून देते.

चाळीस वर्षं मंडळीचा (चर्चचा) वडील, म्हणजे एल्डर आहे. जन्मभर दारू प्यालेला शेजारी मरायच्या महिनाभर आधी पश्चात्ताप करतो आणि त्यालाही तेच तारण? मग माझ्या कष्टांचं काय?
*निवृत्त मुख्याध्यापक, परभणी*

गुरुजी, मत्तय २० मधले सकाळचे मजूर हेच विचारतात. दिवसभर उन्हात राबले त्यांना एक दिनार, तासभर आले त्यांनाही एक दिनार, म्हणजे तेव्हाची दिवसाची मजुरी. उशिराचे मजूर म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर अकरा वाजले तरी डबा घेऊन उभी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. सकाळीच काम मिळालेला निर्धास्त असतो. आज घरी काय नेऊ, हा घोर मागे उरलेल्याला. चाळीस वर्षं प्रभूची संगत तुम्हाला लाभली, त्याला एकच महिना. हेवा कुणी कुणाचा करावा?

कष्ट वाया जात नाहीत, तेही खरं. १ करिंथ ३ म्हणतं, पाया ख्रिस्त. त्यावरचं सोनं-रुपं अग्नीत टिकेल, गवत-पेंढा जळेल. त्यातलं तुमचं कुठलं, ते मी सांगू शकत नाही. मात्र शेजाऱ्याचं देणं आता त्याच्या बायकोच्या गळ्यात आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मदत निधीतून काय करता येईल, ते येत्या बैठकीत मांडा.