उपाशी पेशी आणि उपाशी माणूस : ऑटोफॅजीविषयी तुमचे प्रश्न

गेले दोन महिने ओपीडीत आणि या सदराच्या पत्रांत एकच शब्द सारखा येतोय : ऑटोफॅजी, म्हणजे पेशीनं स्वतःच्याच आतला निकामी माल पचवणं. कुणी मोबाइलवर ऐकलेला, कुणी जिममध्ये. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, सात घेते. एरवी विषय पुढं ढकलला असता, पण यातल्या एका गैरसमजापायी माणसं तपासणीला उशीर करू लागली आहेत.

पेशी स्वतःलाच खाते म्हणजे ती मरते का? (विद्यार्थिनी, सोलापूर)

नाही. खरं तर त्याच्याच जोरावर ती तगते.

मी बार्शीत विज्ञान शिकवतो. पेशीनं आपला कचरा पचवणं आणि शरीरानं रोगजंतू ओळखणं, यांचा संबंध कसा लावायचा?

सर, मुलांना हे जरूर शिकवा. पेशीतला निकामी भाग, गोळा झालेली खराब प्रथिनं किंवा आत घुसलेला जंतू यांच्याभोवती दुहेरी पापुद्र्याची पिशवी तयार होते. ही पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जाऊन मिळते. तिथं आम्ल असतं, विकरं असतात. मालाचे बारीक तुकडे होतात. बरेचसे तुकडे पुन्हा वापरात जातात. थोडे मात्र एचएलए नावाच्या रेणूंवर बसून पेशीच्या बाहेरच्या अंगाला मांडले जातात.

मार्केट यार्डात पोत्यातली मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन व्यापारी अख्ख्या मालाचा अंदाज बांधतो. तुकड्यांचं तसंच आहे, ती आतल्या मालाची वानगी. प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी असलेल्या टी पेशींना दुसऱ्या पेशीच्या आतलं दिसत नाही, त्या वानगी तपासतात. तुकडा आपल्याच प्रथिनाचा असेल तर पुढं जातात, परका निघाला तर हाकाटी करतात.

एचएलएचे दोन मुख्य वर्ग आहेत. त्यातल्या दुसऱ्या वर्गावर फक्त बाहेरून गिळलेल्या मालाची वानगी लागते, असं आम्ही शिकलो होतो. २००५ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूच्या अभ्यासात दिसलं, की पेशीच्या आतच तयार झालेलं विषाणूचं एक प्रथिन ऑटोफॅजीच्या वाटेनं तिथवर पोचतं आणि मदतनीस टी पेशी ते ओळखतात. टी पेशी जिथं घडतात त्या थायमस ग्रंथीत हीच वाट आणखी एका कामी येते, असं उंदरांत दिसलंय : स्वतःच्या प्रथिनांची वानगी दाखवून आपल्यावरच उलटू शकणाऱ्या टी पेशी तिथं बाद होतात. म्हणजे परकं कोण आणि आपलं कोण, दोन्ही धड्यांत हे पचन आहे.

आई ६२ वर्षांची आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. एकादशी करतेच, आता रोज सोळा तासांचा उपासही धरलाय. चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते. घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर लगेच साखर द्या आणि त्याच दिवशी दाखवा.

ऑटोफॅजी वाढवणारी पावडर आहे, महिन्याला २,४०० रुपये. घ्यावी का?

नको. ‘नोबेलविजेत्या शोधावर आधारित’ असं डब्यावर छापणं ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या कामासाठी. त्यांनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. त्याच पैशात घरी डाळ, अंडी, शेंगदाणे येतील.

वडील यंत्रमागावर आहेत. तीन आठवडे खोकला आहे, वजन उतरलंय. ओळखीचे एकजण म्हणाले, तीन दिवस पाण्यावर राहिलं की पेशी टीबीचे जंतू खाऊन टाकतात. करून बघावं का?

अजिबात नाही. उद्या सकाळी त्यांना थुंकीच्या तपासणीला घेऊन जा.

ही ऐकीव गोष्ट कुठून आली ते सांगते, कारण तिच्या मुळाशी खरा प्रयोग आहे. क्षयाचा जंतू फार चिवट. आपली मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी संरक्षक पेशी त्याला गिळते, पण तो ज्या पिशवीत असतो ती लायसोसोमला मिळूच देत नाही. म्हणजे पोलिसाच्याच घरात दडून बसतो. २००४ मध्ये प्रयोगशाळेत अशा पेशींचं पोषण काही तास तोडलं, तेव्हा ऑटोफॅजी वाढली आणि जंतूंची संख्या घटली. प्रयोग खरा आहे, पण तो बशीतल्या पेशींवरचा. पुढं २०१५ मध्ये उंदरांत ऑटोफॅजीची अनेक जनुकं एकेक करून निकामी केली, तर एक सोडता बाकींनी क्षयात विशेष फरक पडला नाही. बशीतली उपाशी पेशी आणि दहा तास मागावर उभा असलेला उपाशी माणूस यांची बरोबरी करता येत नाही.

माणसाच्या बाबतीत तर उलटंच आहे. कुपोषण हे क्षयाचं मोठं कारण. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यातल्या नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. औषध नव्हे, धान्य आणि डाळ!

गेल्या महिन्यात असेच एक गृहस्थ आले. शर्टाच्या खिशात खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, पट्टा नव्या भोकावर ओढलेला. दोन महिने ‘धुळीचा खोकला’ म्हणून काढले होते. त्यांच्या थुंकीची स्लाइड मी स्वतः पाहिली : निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, भरपूर. घरात दोन लहान नातवंडं. तेवढे दिवस ते त्यांच्याच शेजारी झोपत होते.

म्हणून पुन्हा सांगते. दोन आठवड्यांवर खोकला गेला की ‘कापसाची धूळ’, ‘विडीचा ठसका’ म्हणत बसू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या लागतात. दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यावर जमा होतात, त्यासाठी नाव नोंदवून घ्या. वडिलांची साखरही तपासा, मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो. आणि त्यांना पोटभर जेवू घाला.

आमवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. ते ऑटोफॅजी थांबवतं असं वाचलं. बंद करू?

स्वतःच्या मनानं नको. ते लायसोसोममधलं आम्ल कमी करतं हे खरं, पण तुमच्या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठलेली असते, तिला आवर घालायलाच हे औषध आहे. शंका तुमच्या डॉक्टरांपुढं मांडा आणि डोळ्यांची तपासणी चुकवू नका.

माझी ऑटोफॅजी किती आहे, हे रक्त तपासून कळेल का? (वाचक, अक्कलकोट)

नाही. रुग्णाच्या उपचारासाठी वापरावी अशी तपासणी आज नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.